पिंकीच्या लेकराखालची वाकय

मला कायले सांगायला लावता? ज्याला चौक जुळवता येतात त्याला विचारा ना! वासुदेवाला विचारा. सारं दारव्हा त्यालाच विचारते. पण नात ऐकत नाही. "आबा, शेडातले किस्से तुम्ही सांगतच राह्यता, एकदा लिहूनच टाका, मी टाइप करून ग्रुपवर टाकतो," म्हणे पिंकी. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही मास्तर आले त्या दिवसांची. म्हणून आधीच सांगतो, शुद्धलेखन पिंकीचं, राग माझा.

किस्से म्हणजे मशीनखालच्या चिंध्या. कोणी जपत नाही, कोणी फेकत नाही, अन् एक दिवस पाहावं तर पाय ठेवायला जागा नाही.

बाजाराच्या मागं आमचं टिनाचं शेड आहे. आत तीन मशिनी. एक माझी. जन्मभर पँटी शिवल्या. मग रेडिमेड आलं, पँटी गेल्या, तेव्हापासून वाकयी शिवतो. वाकय म्हणजे तुमची गोधडी. दुसरी मशीन वासुदेवाची. तोही जुना टेलर, वयानं माझ्याहून लहान अन् बोलायला माझ्याहून गोड. तिसरी सेवंताची. ती तांड्यावरून येते, रंगाला रंग लावावा तर तिनंच. अन् इस्त्रीच्या टेबलावर आमची म्हातारी. तिचं नाव मी घेत नाही. आमच्यात उखाण्याशिवाय कोणी घेतही नाही.

आता भांडणाचं मूळ ऐका. यंदा पिंकी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली. आमच्या घरी रीत अशी, की लेकराच्या अंगाखाली पहिली वाकय टाकायची ती घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या जुन्या कपड्यांची. म्हाताऱ्याचं आयुष्य लेकराला लागते म्हणतात. घरातला म्हातारा मी. वाकयी शिवणारा मी. अन् पिंकी काय म्हणाली?

"आजी, वासुदेव आजोबाले सांग ना शिवाले. त्यायचे चौक जुळतात."

माझ्यासमोर! मी तिथंच बसून पोहे खाऊन राह्यलो होतो!

* * *

वासुदेवाचं सगळे कौतुक करतात, तर त्याचाच किस्सा आधी.

तुकडे जोडायची त्याची एक पद्धत आहे. एक जोडी शिवून झाली की धागा तोडायचा नाही, लगेच दुसरी जोडी सुईखाली सरकवायची, मग तिसरी. मशीनच्या मागून पताका निघाव्या तशी तुकड्यांची माळ निघत जाते. धागा वाचते, वेळ वाचते. दिसायलाही बरं दिसते, म्हणून एक दिवस बाभुळगावची एक पोरगी मोबाईल घेऊन त्याचा व्हिडिओ काढायला आली.

मग काय विचारता! साहेबांनी मोटर सोडली. घर्रर्र! मान तिरपी, चेहऱ्यावर हसू. माळ टेबलावरून खाली, खालून पार दरवाजापर्यंत. शेवटी "हे पाहा मॅडम" म्हणून त्यानं ती झोकात वर उचलली.

हातात नुसता धागा आला! तुकडे खाली सांडले, बोंडातून कापूस सांडावा तसे. बॉबिन केव्हाचंच संपलं होतं. वरचा धागा एकटाच पळत होता, पुढाऱ्याच्या भाषणासारखा, खाली पकडणारा कोणीच नाही.

माझ्या जिवाला असा गारवा वाटला म्हणता! पण तेवढ्यात आमची म्हातारी इस्त्री ठेवून उठली. "अगं माय, बिचारा! सेवंता, चहा ठेव वं."

मी म्हटलं, "मायं बॉबिन येता-जाता संपते. मले कधी पाणीबी विचारलं नाही!"

"तुमचं संपलं का तुम्ही शिव्या देता," म्हणे. "त्यानं देल्ल्या का?"

अन् तो व्हिडिओ लोकांना इतका आवडला, की वासुदेवाला तीन ऑर्डरी आल्या!

* * *

माझी पहिली वाकय. सिंगल पलंगाची होती. मापानं तुकडे कापले, मापानं शिवले, पलंगावर टाकली तर दोन्हीकडून पलंग दिसून राह्यला.

सेवंतानं ती माझ्या अंगाला लावून पाहिली. "तात्या, हे तुमच्यासाठी शिवलं का तुमच्या उशीसाठी?"

मी कापडावर ढकललं. कापड आटलं म्हटलं. सेवंतानं वाकय उलटी केली अन् शिवणी पाहिल्या. "अरे याडी!" याडी म्हणजे तिच्या बोलीत आई. "एवढी मार्जिन? तात्या, ही काय पँट हाये, पुढं-मागं ढिली कराले?"

पँटीचा हात तो. पँटीत कापड आत सोडावंच लागते, माणूस जाडा होतो. वाकय काही जाडी होत नाही. तिथं पाव इंचाच्या वर आत सोडलं की प्रत्येक शिवणीत थोडं थोडं कापड गिळलं जाते, अन् शेवटी पलंग उघडा पडते.

सेवंतानं बोलत बोलत आपल्या कपाळाची टिकली काढली अन् माझ्या मशीनवर, सुईच्या उजव्या बाजूला, पाव इंचावर लावून दिली. "कापडाची कोर या टिकलीले लावून चालवा. हलू देऊ नका."

उपाय चांगला होता, मी नाही म्हणत नाही. पण वासुदेव! तो चहाचा कप हातात घेऊन आला, मशीनकडे पाहिलं अन् साऱ्या शेडाला ऐकू जाईल असं म्हणाला, "लोकहो, तात्याच्या मशीनचं लगन झालं!"

दुसऱ्या दिवशी त्यानं पेढे वाटले. सगळ्यांनी खाल्ले. आमच्या म्हातारीनं दोन खाल्ले!

* * *

बाभुळगावच्या एका शिक्षिकेनं माझ्याकडे वाकय टाकली. माझ्याकडे! पांढऱ्या अन् लाल चौकोनांची पाहिजे होती. लाल कापड आधी मिठाच्या पाण्यात भिजवून, रंग सोडते का पाहून, मगच घ्या असं सेवंता सांगत होती. मी म्हटलं, कापड दुकानदारानं पक्क्या रंगाचं म्हणून दिलं. नवं कापड कोणी भिजवते का?

पहिल्या धुण्यात लाल ते पांढऱ्यात घुसलं. सारी वाकय गुलाबी! कुठं फिक्की, कुठं गर्द, कुठं नुसते डाग.

बाई रिक्षातून उतरली ती तणतणतच. मी मशीनमागं वाकून सुई शोधायला लागलो. सुई सुईच्या जागीच होती. वासुदेव पुढं झाला. वाकय हातात घेतली, उजेडात धरली अन् म्हणाला, "वा! मॅडम, असा गुलाबी रंग मुद्दाम करावा म्हटलं त होत नाही. शहरात याले डबल भाव हाये."

बाई थांबली. वाकयीकडे पाहिलं. मग फोटो काढला. मग हसली. अन् जाताना असल्याच गुलाबी दोन वाकयींची ऑर्डर देऊन गेली.

वासुदेवाला!

डाग माझे, ऑर्डर त्याची. असं असते शेडात.

* * *

हा किस्सा पिंकीनं गाळायला सांगितला होता. मी गाळत नाही.

वासुदेवाची बायको वारली तेव्हापासून त्याचे कपडेही आमच्याच म्हातारीकडे येतात, धुवायला अन् इस्त्रीला. माणुसकी म्हणते ती. माणुसकी असावी. पण माझ्या सदऱ्याच्या कॉलरला घडी पडते अन् त्याच्या कॉलरला धार असते, हे कसं?

तर ती इस्त्री केलेल्या पट्ट्या त्याच्या टेबलावर ठेवायला गेली. मोटर चालू होती. तिचा पदर कापडावर पडला, अन् यानं पदरासकट शिवण मारली! ती वळली अन् निघाली, तर मागून आख्खी वाकय टेबलावरून उतरून तिच्यामागं चालायला लागली.

सेवंता म्हणते, "काकू, वाकय माहेरी घेऊन चालल्या का?"

मी कात्री पुढं केली. "काप अन् मोकयी हो."

"अजी, पोरीनं घेतलेली साडी हाये, काप काय म्हणता!"

मग वासुदेव चष्मा लावून, मान खाली घालून एक एक टाका उसवत बसला. ती बाजूला स्टुलावर. पदर मधात. कोणाच्या लग्नात पंगतीत कढी कशी सांडली होती त्याच्या गोष्टी सुरू. अन् ती हसून राह्यली! आमच्या वरातीत घोडं बसलं होतं तेव्हाही एवढी हसली नव्हती.

मी तिकडं पाहिलंच नाही. मी आपली मशीन रेटली. एकच पाय, एकच लय, रागारागात हातभर शिवण. झाली एकदाची, म्हणून उठलो, तर उठता येईना. माझ्या सदऱ्याची कोर वाकयीत शिवली गेली होती!

सगळ्यांनी पाहिलं. माझे टाके मात्र माझे मलाच उसवावे लागले.

* * *

आता त्या चौकाचं. जिथं चार तुकडे येऊन भेटतात तो चौक. वासुदेवाचा चौक म्हणजे आखल्यासारखा. माझ्या चौकात एक तुकडा वर, एक खाली, भावकीत वाटणी झाल्यासारखे.

मी सुई बदलली, धागा बदलला. टाचण्या लावल्या. मशीनला तेल पाजलं. काही नाही.

शेवटी एकदा तो जेवायला गेला तेव्हा त्याची वाकय उलटी करून पाहिली. तेव्हा समजलं. त्याच्या एका ओळीच्या शिवणी इस्त्रीनं डावीकडे दाबलेल्या, दुसऱ्या ओळीच्या उजवीकडे. दोन ओळी एकावर एक ठेवल्या की शिवणीला शिवण अडकते, चौक जागचा हलत नाही. अन् माझ्या सगळ्या ओळींच्या शिवणी एकाच बाजूला! शिवणीवर शिवण चढते अन् चौक घसरते.

इस्त्री दोघांची एकच बाई करते!

मी टेबलापाशी गेलो. "त्याच्या शिवणी दोन बाजूले अन् माया एका बाजूले, हे काहून?"

तिनं मानही वर केली नाही. "पहिल्याच दिवशी तुम्ही म्हटलं ना, इस्त्रीवालीनं शिकवू नये, सगळ्या एकाच बाजूले दाब म्हणून. म्हणून दाबतो."

आता तुम्हीच सांगा, चूक कोणाची? मी म्हटलं म्हणून काय ऐकायचं? सारा संसार झाला, दुसरं एक तरी माझं ऐकलं का तिनं?

* * *

आता लेकराच्या वाकयीचं.

पिंकीनं वासुदेवाला सांगितलं, त्यानं हो म्हटलं. मी म्हटलं ठीक आहे, मीही शिवतो. बारशाला दोन्ही आणू अन् पाहू पाळण्यात कोणाची राहते! म्हातारीला म्हटलं, "माये जुने कपडे दे."

जुने कपडे धुऊन, फाडून, इस्त्री करून चौकोन कापून ठेवायचं काम तिचंच. "मशीनवर गठ्ठा ठेवला हाये," म्हणे.

गठ्ठ्यात निळ्या चौकड्याचे तुकडे होते, थोडे राखाडी, थोडे पांढरे. चौकड्याचे शर्ट माझेही होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, दुसरा रांगेत आहे, त्यामुळं मी काही फार निरखलं नाही. टिकली धरून शिवलं. इस्त्री स्वतः केली, एक ओळ डावीकडे, एक उजवीकडे. काही चौक जुळले. बाकीचे शेजारी राहतात, पण बोलत नाहीत. असो. हात माझा होता.

बारशाला घर भरलं. फुलसावंगीहून पिंकीच्या सासरची माणसं आली. वासुदेवानं आपली वाकय उघडली. पांढरीशुभ्र, मधात बदामी पट्टा. बायका म्हणाल्या, "काय चौक हायेत माय!" पिंकीनं माझ्याकडे न पाहता ती पाळण्यात अंथरली अन् लेकरू वर ठेवलं.

लेकरानं जे भोकाड पसरलं! उचलून घेतलं, गप्प. ठेवलं, पुन्हा सुरू. पिंकीची सासू म्हणे, टोचते की काय. वासुदेवानं हात फिरवून पाहिला, कुठं गाठ नाही, कुठं धागा नाही. त्याचं तोंड उतरलं.

मी पुढं झालो. "काढा ती. मायी टाका."

टाकली. लेकरू ठेवलं. त्यानं एक उसासा सोडला, मूठ तोंडात घातली, अन् झोपलं! साऱ्या घरासमोर!

एवढ्या वर्षांचं माझं तोंड सुटलं. "पाह्यलं? चौकानं झोप येत नसते! रक्त रक्ताले ओयखते! आपल्या आबाच्या अंगाचा वास ओयखला त्यानं! कितीही जुळवा म्हणा चौक, तो वास कुठून आणान?"

 वासुदेवानं खिशातून चष्मा काढला, पाळण्यावर वाकला. बराच वेळ वाकून होता.

"तात्या," म्हणे, "हा त माया शर्ट होय."

"कोणता?"

"हा निया चौकड्याचा. अन् हा राखाडी मायाच बुशकोट." मग त्यानं आपली वाकय उचलून खिडकीपाशी नेली. "अन् यात तुमचं धोतर हाये. हा बदामी तुमचा सदरा. काकूनं गठ्ठा देल्ला तसाच मी शिवला."

म्हणजे लेकरू रडलं ते माझ्या धोतरावर, अन् झोपलं ते वासुदेवाच्या शर्टावर! शिवण माझी, कापड त्याचं. शिवण त्याची, कापड माझं. पाळण्यात जिंकलं कोण, हे मला अजून कोणी सांगू शकलं नाही.

सेवंतानं तोंडाला पदर लावला. सगळे इस्त्रीवालीकडे पाहायला लागले. ती पाळण्याची दोरी हलवत होती.

"हयू बोला," म्हणे. "लेकरू झोपलं हाये."

माझी माफी जिनं मागायची राहिली आहे, तिचं नाव आज उखाण्याशिवाय घेतो. पिंकी, नीट टाइप कर.

कौसल्या.