कपाचा कान

मुलगी राहते तो देश एवढासा, पगारी नटांची नाटकमंडळी तिथे एकच. तिने मला नाटकाला नेलं. भाषा कळत नव्हती. रंगमंचावरच्या बाईने नवऱ्यापुढे चहा ठेवला, कपाचा कान त्याच्या डाव्या हाताला येईल असा. सगळं प्रेक्षागृह एकदम गप्प झालं.

"बाबा, हा नट नवा आहे," मुलगी कुजबुजली. "इतकी वर्षं हिचा नवरा व्हायचा तो डावखुरा होता. गेल्या महिन्यात वारला. हिने सवयीने ठेवला कप."

आपल्याकडे नट बदलला तर जाहिरातीतून कळतं. इथे प्रत्येकाला त्याचा हातसुद्धा ठाऊक होता.

नव्या नटाने पुढे केलेला उजवा हात मागे घेतला आणि कप डाव्याने उचलला. थोडा चहा बशीत सांडला.