पपांनी विचारलं होतं

हे मी आजवर कुणाजवळही बोललेले नाही. मार्टिनजवळ नाही — आणि मार्टिन माझा नवरा आहे, एकोणीस वर्षांचा संसार आहे आमचा. कोल्हापूरला आईशी रोज फोन होतो, तिच्याजवळही नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. जे ओळखतात त्यांना हे खरं वाटणार नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

मी कशी आहे ते आधी ऐका. फ्रँकफुर्टच्या बाहेर एश्बॉर्नला राहते, खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. नियमाची बाई. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तीन तास बाहेर राहिलेलं आम्रखंड मी सगळ्यांदेखत कचऱ्याच्या डब्यात ओतलं होतं. लोक मागून हसतात, माहीत आहे मला. पण कुठलाही प्रश्न आला की स्मिताताईंना विचारा, असंच म्हणतात. मी खोटं बोलत नाही अशी माझी ख्याती आहे. ती मी जपलेलीही आहे — जरा जास्तच.

मार्टिनचे वडील, पपा, शिकारी होते. टाउनुसच्या डोंगरात, आमच्यापासून तासाभरावर, एका जंगलाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. जर्मनमध्ये सासऱ्यालाही ‘डू’, म्हणजे ‘तू’च, म्हणतात, मीही म्हणायची, पण मनात ते माझ्यासाठी कायम ‘अहो पपा’च राहिले. इथे शिकार म्हणजे बंदूक खांद्यावर टाकली आणि निघाले, असं नसतं. परीक्षा द्यावी लागते, मग याग्दशाइन मिळतो, म्हणजे शिकारीचा परवाना. कुठल्या महिन्यात कुठलं जनावर, नर की मादी, किती वयाचं — सगळं ठरलेलं. पपांना ते तोंडपाठ होतं, आणि जे कायद्यात नव्हतं तेही ते पाळायचे.

मी बंदूक कधी हातात घेतली नाही. माझं काम नंतरचं. मेलेलं जनावर खाण्यालायक आहे की नाही हे ओळखायचं प्रशिक्षण मी मुद्दाम घेतलं होतं. पोट उघडताना आतड्याला सुरीचं टोक लागू द्यायचं नाही, धुवायला पिण्याचंच पाणी घ्यायचं, काळीज, फुप्फुसं, गाठी एकेक करून तपासायच्या, आणि मांस वेळेत सात अंशांखाली गेलंच पाहिजे. एकदा काळजात पांढऱ्या गाठी दिसल्या म्हणून मी हरणाचा अख्खा नर टाकून द्यायला लावला. पपांनी तेव्हा नुसता खड्डा खणला. पुढे वर्षभर मात्र गावात ज्याला त्याला सांगत होते — माझ्या सुनेच्या डोळ्यांतून काही सुटत नाही.

मचाणावरही मी त्यांच्या शेजारी बसायची. नेम त्यांचा, दुर्बीण माझी. त्यांचा नेम शहात्तराव्या वर्षीही पक्का होता, पण लांबचं बारीक दिसायला त्रास व्हायचा, म्हणून तपशील मी बघायची. तसा आमचा रिवाजच पडून गेला होता.

आता त्या मे महिन्याबद्दल.

मेमध्ये कायद्याने हरणाची वर्षाची कोवळी मादी मारता येते, जी अजून व्यायलेली नाही ती. आई असलेली मात्र नाही. पाडसं आईवर अवलंबून असताना आई मारणं हा इथे साधा दंडाचा मामला नाही, गुन्हा आहे. आणि गवतात उभी असलेली कोवळी मादी आणि नुकतीच व्यायलेली आई यांच्यात लांबून फारसा फरक दिसत नाही. मागच्या पायांमध्ये बघावं लागतं, कास आहे का. म्हणून पपांनी स्वतःपुरता नियम केला होता — महिना अर्धा उलटला की मादीवर बंदूक धरायची नाही. कोण कधी व्याली असेल, काय सांगता येतं, म्हणायचे.

तो नियम त्यांनी माझ्यासाठी मोडला.

मंडळाचं उन्हाळी संमेलन होतं. माझा हरणाचा तांबडा रस्सा तिथे प्रसिद्ध होता — कोल्हापूरची मी, मटणाच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नाही. ग्रुपवर मी आधीच जाहीर करून बसले होते, या वर्षीही रस्सा. फ्रीजरमध्ये एक तुकडा शिल्लक नव्हता. बाजारात तुरी, असला प्रकार. त्यात मांस चार दिवस थंडीत टांगायला हवं, म्हणजे दिवस मोजकेच. महिन्याचा शेवटचा आठवडा चालू होता. मी पपांना एकदा विचारलं, ते नाही म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना मी जरा हिरमुसलं तोंड केलं, तेही सांगून टाकते. ते म्हणाले, बरं, नर आला तर बघू, आणि अगदी खात्रीची कोवळी मादी असेल तर.

नर आला नाही. उजाडता उजाडता कुरणात एक मादी आली. एकटीच, बारीक अंगाची. गवत गुडघाभर होतं. पपांनी बंदूक टेकवली आणि हळू आवाजात विचारलं, “मागून बघितलंस? कास नाही ना?”

मी बघितलं होतं का? एकदा ती वळली होती. गवताच्या आड पायांमध्ये काहीतरी होतं, किंवा नव्हतं, सावली असेल. दुसऱ्यांदा नीट बघितलं असतं तर कळलं असतं. कळेल म्हणूनच मी दुसऱ्यांदा बघितलं नाही — इतकं साधं आहे ते. माझ्या डोळ्यांपुढे पातेलं होतं. मी म्हटलं, “गेनाऊ, अगदी नीट बघितलं. नाहीये.”

ती जागच्या जागी पडली.

गोळी झाडल्यावर लगेच खाली उतरायचं नसतं. दहा मिनिटं थांबायचं, जनावराला शांतपणे जाऊ द्यायचं. त्या दहा मिनिटांत पपा मांडीवर वही घेऊन लिहायचे — वेळ, वारा, जनावर, काय काय झालं ते. तरुणपणापासूनची सवय. त्या दिवशीही लिहिलं. मी फोनवर कांदे-खोबऱ्याची यादी करत होते.

मग आम्ही खाली उतरलो. इथे मेलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात, त्याला शेवटचा घास म्हणतात. पपांनी तो ठेवला, टोपी काढून क्षणभर उभे राहिले. दुसरी डहाळी मी रिवाजाप्रमाणे त्यांना दिली, ती त्यांनी टोपीत खोवली. मग तिला उताणी केली आणि कास दिसली. भरलेली. मी हात लावला तर बोटांवर दूध आलं. कोमट होतं.

पपांनी टोपीतली डहाळी काढून गवतात ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले — आरोप करत नव्हते हो, एखादी गोष्ट ताडून बघावी तसं — “मी तुला विचारलं होतं ना?”

आणि मी म्हटलं, “नाही पपा. विचारलं नव्हतं.”

का म्हटलं? भीती वाटली, लाज वाटली, हे खरं. पण त्याच्याही आधी एक विचार आला होता, तो लिहायला हात धजत नाही. मनात आलं की ते शहात्तर वर्षांचे आहेत आणि मी स्मिता आहे. विश्वास कुणावर बसेल, हे मला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी मान हलवली. “आल्झो,” म्हणाले, म्हणजे ‘असं तर’, आणि काठी उचलली.

मग आम्ही पाडसं शोधायला लागलो. बहुतेक जुळी असतात. पपा दुपारपर्यंत गवतात फिरले, पाऊल टाकण्याआधी काठीने गवत बाजूला करत. दुसऱ्या दिवशी पहाटे गावातला एकजण उष्णता टिपणारा ड्रोन घेऊन आला. एक पाडस सापडलं, कुरणाच्या कडेला, अंगावर पांढरे ठिपके, हलत नव्हतं पण जिवंत होतं. पाडसं वाढवणाऱ्या एका बाईंकडे ते दिलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, गेलं म्हणून. दुसरं सापडलंच नाही.

पपांनी स्वतःहून शिकार खात्याच्या कार्यालयाला कळवलं. कुणी बघितलं नव्हतं, कुणाला कळलंही नसतं. मार्टिनने तसं सुचवून पाहिलं तर ते त्याच्यावर असे भडकले की तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझीही लेखी साक्ष झाली. तिथेही मी तेच लिहिलं — मला विचारलं नव्हतं — आणि खाली सही केली. निकालाची पपांनी वाट पाहिली नाही, परवाना आधीच परत केला, बंदुका दुसऱ्या शिकाऱ्याला देऊन टाकल्या. संमेलनाला मी कोंबडीचा रस्सा नेला. ताई, हरीण पळालं वाटतं, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले.

इथवरचं कदाचित तुम्ही समजून घ्याल. माणूस घाबरतो, बोलून जातो. पण पुढे सहा वर्षं होती.

पपांना त्या हरणीपेक्षा एक गोष्ट जास्त लागली होती. त्यांना वाटायला लागलं की आपलं डोकं चाललं. जो प्रश्न पन्नास वर्षं विचारल्याशिवाय चापाला बोट लावलं नाही, तो आपण विचारायचा विसरलो — आणि वर विचारल्याचं आठवतंय, ते तर आणखी भयंकर, नाही का? डॉक्टरांनी तपासलं, वयाच्या मानाने उत्तम आहे म्हणाले. पपांनी डॉक्टरांवर विश्वास ठेवला नाही. त्यांनी माझ्यावर ठेवला. शेगडीपाशी चिठ्ठी आली, दाराला चिठ्ठी आली. गाडीची किल्ली त्यांनी मार्टिनच्या हातात दिली. नातीला, आमच्या मुलीला, शाळेतून आणायला जाणं बंद केलं, वाटेत हिला विसरलो तर, म्हणून. आणि दर रविवारी जेवताना काही सांगायला लागले की अर्ध्यावर थांबून माझ्याकडे बघायचे — असंच झालं होतं ना, स्मिता? तुला आठवतं ना?

आणि मी सांगायची. हो पपा, असंच. नाही पपा, ते त्याच्या आदल्या वर्षी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. एकदाही त्यांचं काही चुकलेलं नसायचं, हेही मला दिसत होतं. त्या सहा वर्षांत तीनशे रविवार आले असतील. एका रविवारी सांगायला काय हरकत होती? आज नको, आज त्यांना बरं नाही. आज नको, आज ते आनंदात आहेत.

गेल्या हेर्ब्स्टमध्ये, पानगळीच्या दिवसांत, ते गेले. इथे शिकाऱ्याच्या थडग्यातही डहाळी टाकतात. रांगेत माझा नंबर आला तेव्हा मीही टाकली. मार्टिनने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, पपांना तुझा केवढा आधार होता.

घर आवरताना त्यांच्या शिकारीच्या वह्या मिळाल्या, कपाटभर. मार्टिन त्या जपून ठेवणार आहे. त्या वर्षीची वही मी आधी काढून घेतली. सध्या ती आमच्या स्वयंपाकघरात आहे, कांदा-लसूण मसाल्याच्या बरण्यांच्या मागे, तिथे दुसरं कुणी हात घालत नाही. मार्टिनने दोनदा विचारलं, एक वही कमी कशी. मी म्हटलं, मला नाही दिसली.

त्या दिवसाच्या पानावर वेळ आहे, वारा आहे, गवताची उंची आहे. मग मचाणावर त्या दहा मिनिटांत लिहिलेली ओळ — ‘स्मिताला कास विचारली. नाही म्हणाली.’ त्या ओळीवर पट्टी लावून रेघ मारली आहे, वेगळ्या शाईने. खाली त्याच शाईत लिहिलं आहे — ‘विचारलं नाही. विसरलो.’

अक्षर कुठेही हललेलं नाही.