मोबाइल कुणी धरला होता?

"ही मीच हाय, मॅडम. पण हे मी बोललेच न्हाई."

सुमनबाईंनी मोबाइल माझ्या टेबलावर सरकवला. स्क्रीनवर त्याच होत्या. साखरा गावातला त्यांचा गोठा, मांडीवर ओलं करडू. ओठ त्यांचे हलत होते, आवाज मात्र कुण्या शहरातल्या बाईचा. ती सांगत होती, "माझ्या शेळ्यांना मी हीच पावडर देते." खाली पावडरच्या कंपनीचं नाव आणि फोन नंबर.

मी हिंगोलीला वकिली करते. माझ्याकडे येणारी कामं बहुतेक वाटणीची, फेरफाराची. सोशल मीडियावरच्या व्हिडिओचं हे पहिलंच प्रकरण. पण प्रश्न ओळखीचा होता. वस्तू कुणाची, आणि ती वापरायची परवानगी कुणी दिली?

सुमनबाई शेळ्या पाळतात आणि त्याबद्दलचे छोटे व्हिडिओ टाकतात. मूळ व्हिडिओत करडू दूध ओढत नसेल तर काय करायचं, ते त्यांनी दाखवलं होतं. त्यात पावडरचा विषयसुद्धा नव्हता. कंपनीनं तो उचलला, आवाज काढला, दुसरा घातला.

"सेनगावच्या बाजारात एका बाईनं माझा हात धरला," त्या म्हणाल्या. "म्हणे, तुझं ऐकून पावडर आणली, शेळीला हगवण लागली. मी काय सांगू तिला? मी सांगते तेवढ्यावर लोक माझी जनावरं घेतात, मॅडम. आता कोण घेईल?"

"तुम्हाला काय हवंय?"

"ती जाहिरात काढा. आन् हे माझं बोलणं नव्हतं, हे त्यांनीच लोकाला सांगावं."

मी नोटीस पाठवली. काही दिवसांनी कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. माणूस गोड बोलणारा होता.

"मॅडम, व्हिडिओ सोशल मीडियावर होता. पब्लिक होता. आम्ही काही चोरी केलेली नाही."

"रस्त्यावरून दिसते म्हणून कुणाची तूर कापून नेता येते का?"

तो हसला. "तसं नाही. अकाउंट उघडताना तुमच्या क्लायंटनी साइटच्या अटी मान्य केल्यात. म्हणजे हक्क साइटकडे गेले. त्यांचे राहिलेच नाहीत."

हा गैरसमज फार जणांचा असतो. त्या अटी मी आधीच वाचून ठेवल्या होत्या. बहुतेक साइट्स लिहितात की तुम्ही टाकलेल्या गोष्टीची मालकी तुमचीच. साइटला मिळतं ते लायसन्स, म्हणजे ती गोष्ट दाखवायची, साठवायची, पुढे पोचवायची परवानगी. बांधावरून जायला वाट दिली म्हणून शेत वाटसरूच्या नावावर होत नाही. आणि ही परवानगी असते साइटला. तिसऱ्याच कंपनीनं व्हिडिओ उतरवून, कापून, त्यावर आपला आवाज चढवावा, अशी नाही.

मी त्याला त्या अटी फोनवर वाचून दाखवल्या. कॉपीराइट कुठं नोंदवावाच लागतो असंही नाही, कलाकृती तयार झाली की तो आपोआप येतो, हेही सांगितलं.

"आमच्या लीगलशी बोलतो," म्हणून त्यानं फोन ठेवला.

त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं ते मात्र मुद्द्याचं होतं. तुमची क्लायंट व्हिडिओत दिसते, पण तो तिनं काढलेला नाही. मग कॉपीराइट तिचा कसा?

कायद्यात चित्रफितीचा पहिला मालक म्हणजे ती बनवण्यात पुढाकार घेऊन जबाबदारी उचलणारा. सगळं ठरवलं सुमनबाईंनी, तेव्हा त्यांची बाजू भक्कम होती. शिवाय खोटं वाक्य त्यांच्या तोंडी घातलं, हा वेगळा दावा होताच. पण कोर्टात स्टे मागायला गेलं तरी पहिला वाद याच मुद्द्यावर झाला असता, आणि तोवर जाहिरात चालूच.

"व्हिडिओ काढला कुणी?" मी विचारलं.

"थोरल्या जावेनं. पण ती माझ्याशी बोलत न्हाई."

"काहून?"

"काय ठाऊक. दिवाळीपासून तोंड फिरवून राहिली."

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. गावात चौकशी करत कंपनीचा माणूस जावेच्या दारात येऊन गेला होता, परवानगीच्या कागदावर सही मागायला.

मी थेट साखऱ्याला गेले. थोरल्या जाऊबाई, रुक्मिणबाई, ओसरीवर तूर निवडत होत्या. सुमनबाई माझ्यामागं, उंबऱ्याबाहेरच थांबलेल्या.

"सही केली का हो?" मी विचारलं.

"न्हाई. उद्या या म्हणलं त्याला." त्यांनी सूप खाली ठेवलं. "त्यानं बराबर इचारलं मला, व्हिडिओ तुमीच काढला का म्हणून. हिनं कधी कुणाला सांगितलं का? समदे व्हिडिओ मी काढले. शेळी हलली तर मोबाइल घेऊन मागं मागं पळायचं मी. दिवाळीत पाहुणे आले, तर ही म्हणते, मी बनवते. मी कोण मग? खुंटी?"

मी दारातून बाजूला सरकले.

सुमनबाई आत आल्या. जावेच्या शेजारी बसल्या.

"माझ्या ध्यानातच आलं न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "तुमी हायच, असं धरून चालले मी."

"तेच तर. ती कंपनीबी तसंच धरून चालली."

मग रुक्मिणबाई माझ्याकडं वळल्या. "काय लिहून द्यायचं, सांगा. पण माझं नाव बी लिहा."

दोघींचं लेखी निवेदन मी तिथंच तयार केलं. व्हिडिओ सुमनबाईंनी ठरवला, रुक्मिणबाईंनी चित्रित केला, हक्क दोघींचे, आणि परवानगी कुणालाही दिलेली नाही. रुक्मिणबाईंच्या मोबाइलमध्ये मूळ फाइलही होती, खऱ्या आवाजासकट.

ते कंपनीच्या वकिलाला पाठवलं, तसा त्यांचा सूर बदलला. मॅनेजरनं पावडरच्या पोत्यांची भेट देऊ केली. सुमनबाईंनी पोती नाकारली. आठवडा संपायच्या आत जाहिरात उतरली. कंपनीनं आपल्याच पानावर खुलासा टाकला की त्या बाईंचा या पावडरशी संबंध नाही, आणि मूळ व्हिडिओ आवाजासह जोडला. सुमनबाई तो मोबाइलवर घेऊन पुढच्या बाजारात फिरल्या. हगवणवाल्या बाईला आधी दाखवला.

आता माझ्याकडं असे लोक अधूनमधून येतात. लग्नाचे फोटो, कीर्तनाची रेकॉर्डिंग, ट्रॅक्टरचे व्हिडिओ. साइटच्या अटी मी नंतर काढते. कुणी बोललं, कुणी काढलं, आणि ते एकमेकांना कबूल आहे का, एवढं आधी विचारते. निम्मी प्रकरणं तिथंच अडतात, आणि समोर कंपनी नसते, घरचंच कुणी असतं.