ड्रमवरचे शब्द

आमच्या ह्यांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. हाताचं मला एवढं वाटलं नाही, डावा धड होता. पण लग्नाला छत्तीस वर्षं झाली, ह्यांनी मला "अगो" अशी हाक मारली नाही असा एक दिवस गेला नव्हता. चप्पल सापडली नाही, अगो. चहात साखर कमी पडली, अगो. मी वैतागायचे. "घसा सुकत नाय का तुमचा?" म्हणायचे. दवाखान्यातून रोह्याला घरी आणलं आणि घर गप्प झालं, तेव्हा कळलं की मला तेवढी एक हाक हवी आहे. बाकी ते जन्मात काही बोलले नसते तरी मी चालवून घेतलं असतं.

दर गुरुवारी एसटीने पेणला जायचो. तिथे बोलायला शिकवणाऱ्या एक तरुण मॅडम होत्या. पेण माझं माहेर, भावाचा गणपतींचा कारखाना तिथून दोन गल्ल्यांवर, पण वडखळच्या ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला यायचा. त्या वर्षात भावाकडे एकदाही पाय ठेवला नाही. पहिल्याच दिवशी मॅडमनी माझ्याकडे बोट करून विचारलं, "काका, यांचं नाव काय?" हे गप्प. मॅडमनी वहीत फुली मारली. मी म्हटलं, "ओ मॅडम, तोंड धड होतं तवा पण यांनी माझं नाव कधी घेतलं नाय. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. ती फुली खोडा." मॅडम हसल्या. फुली तशीच राहिली.

मराठी एक शब्द निघेना. मग त्यांनी इंग्रजी अक्षरांचे कागद पुढे मांडले, तर ह्यांनी डी वर बोट ठेवून स्पष्ट म्हटलं, "डेंजर." मी खुर्चीतून उठलेच. हे दहावी नापास, तेही इंग्रजीत. पण एका केमिकल कंपनीत तीस वर्षं ड्रमवर अक्षरं मारण्याचं काम केलेलं. पत्र्यात कापलेली अक्षरं ड्रमला लावायची आणि वरून रंगाचा ब्रश फिरवायचा. मॅडम म्हणाल्या, "हाच रस्ता. घरी खेळ खेळा. तुम्ही अक्षर द्या, ते अक्षर असलेला शब्द काकांकडून काढून घ्या. तोंड इंग्रजीत उघडलं की मराठीही येईल."

झालं, मी शब्द शोधायला लागले. सातवी शिकलेली बाई, साबणाच्या वेष्टनावर, गोळ्यांच्या पाकिटावर, दुधाच्या पिशवीवर अक्षरं हुडकत बसायची. के असलेला शब्द मिल्क, हे सापडलं तेव्हा मला कोण आनंद! शेजारणीच्या मुलीने मोबाइलवर दोन अक्षरं टाकली तर पानभर शब्द आले. तिने ते कागदावर उतरवून दिले. मी एकेक अक्षर लावून वाचत गेले आणि ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ते शब्द त्यांच्या ब्रशखालून कधी गेलेच नव्हते.

म्हणून जवळच्या निडी गावाला गेले, ह्यांच्याबरोबर शिफ्टला असलेल्या एका भाऊंकडे. त्यांनी ओटीवर बसून आठवून आठवून यादी केली. "वैनी, येवडंच मारायचो आमी. याच्या भायेर एक अक्षर नाय." चाळीसेक शब्द असतील. तीस वर्षांची मजुरी आणि चाळीस शब्द. त्यानंतर मी सरळ लबाडी करायला लागले. यादीत असेल तेच अक्षर विचारायचं. एम आणि बी दोन्ही असलेला शब्द? "फ्लेमेबल." डब्ल्यू? "नेट वेट." हे जिंकायचे, मी टाळ्या वाजवायचे आणि मनात म्हणायचे, आता येईल, आता येईल.

नाही आलं. पावसाळा गेला, थंडी गेली. एका गुरुवारी मॅडमनी मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, "काकी, आता दर आठवड्याला नका येऊ एवढ्या लांबून. इतकंच येईल असं धरून चाला." माझं डोकं फिरलं. "मग मराठी येईल म्हणून सांगितलंत कशाला?" चूक त्यांची नव्हती, पण मला कुणावर तरी चिडायचं होतं.

खेळ मी सोडला नाही. रोज दुपारी जेवणानंतर यादी घेऊन बसायचे, हट्टानेच.

एके दिवशी भात वेळताना पातेल्यावर झाकण म्हणून धरलेली वेळणी घसरली आणि उकळती पेज माझ्या मनगटावर सांडली. मी किंचाळले. काठी टेकत हे स्वयंपाकघराच्या दारात आले. त्यांनी माझा हात बघितला. तोंड उघडलं, ओठ हलायला लागले. नळ हातभर अंतरावर होता, कातडी पेटली होती, पण मी जागची हलले नाही. हलले तर येत असलेला शब्द मोडेल असं वाटलं.

"नेट वेट," हे म्हणाले.

आणि आपण काय म्हणालो ते त्यांना ऐकू आलं. पुन्हा तोंड उघडलं. "ग्रॉस वेट. बॅच नंबर. नेट वेट." मग काठी टाकून त्यांनी डाव्या हाताने स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं. एकदा, दोनदा, जोरात. मी धावले आणि भाजल्या हाताने त्यांचा हात धरून ठेवला.

इतके महिने मी समजत होते की ती हाक पुसून गेली. ती गेली नव्हती. ती आत होती, रोज निघायला बघत होती आणि तिच्या जागी दुसरंच काहीतरी बाहेर पडत होतं, आणि हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं. आणि मी समोर बसून टाळ्या वाजवत होते.

त्या दिवसापासून मी ह्यांना अक्षर विचारलेलं नाही.