न रंगवलेलं कापड

नववीच्या इंग्रजीच्या धड्यात ‘ड्रॅब’ हा शब्द आला. ‘नीरस, कळाहीन’ असा अर्थ सांगून मी पुढे निघाले, तर एका मुलीने विचारलं, "बाई, हा शब्द आला कुठनं?" मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं वर्गात म्हणणं माझ्या जिवावर येतं. घरी येऊन जाडा कोश उघडला. फ्रेंचमध्ये मूळ अर्थ नुसतं कापड. मग न रंगवलेलं कापड, मग त्याचा मळकट तपकिरी रंग, आणि शेवटी ज्यात जीव नाही असं काहीही.

मान वर केली तर समोर आमचे हे बसलेले. तीच खाकी हाफपँट, तोच बनियन, तोंड भिंतीकडे. फौजेतून निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत. सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, "लय गुणाचा हाय, आवाज न्हाई." एकदा मी मुद्दाम भाजीत मीठच घातलं नाही. त्यांनी ती गुमान खाल्ली, आणि मी मोरीत जाऊन रडले. हा माणूस डोळ्यांदेखत विझत जाणार आणि मी नुसती बघत बसणार, या भीतीने माझा जीव कासावीस झाला होता. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि त्यांना कोरेगावहून सांगलीला, मनाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "हे कधीपासून?"

"आले तेव्हा चांगले होते," असं म्हणून मी मोबाइलमधला मिरवणुकीचा फोटो दाखवला. आमच्याकडे फौजी निवृत्त होऊन आला की त्याला उघड्या जीपमधून वाजतगाजत गावात आणतात. फोटोत माझ्या शेजारी हे गुलालाने माखलेले, ताठ, नजर समोर. फौजी गडी कसा बसलाय बघा, असं सगळे म्हणत होते. मीही. तोच फोटो मी आठ महिने डीपीला मिरवत होते.

डॉक्टरबाईंनी फोटो मोठा केला. "यांचे हात बघा." जीपची दांडी दोन्ही हातांनी इतकी घट्ट आवळली होती की गुलालातही बोटं पांढरी दिसत होती.

तेव्हा हे बोलले. माझ्याकडे न बघता, डॉक्टरबाईंना म्हणाले, "फटाकं वाजत हुतं. मला सोसंना. मी हिला म्हनलं, मला खाली उतरू दे. ही म्हनली, आवं, गाव बघतंय, नीट बसा."

मी तसं म्हणाले होते. आणि विसरूनही गेले होते.