बावन्नचे सत्तेचाळीस

चाचा सेकंद बोटांच्या पेरांवर मोजायचे. कॉम्प्युटरला काम दिलं की अंगठा पेरापेरावरून सरकायचा, ओठ हलायचे. जवळा बाजार गावातल्या त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात घड्याळ होतं, पण बंद. "दुसऱ्यांचं दुरुस्त करता करता ऱ्हाऊन गेलं," म्हणायचे.

आमच्या तांड्यावरच्या घरात बंद घड्याळही नव्हतं. आई-बाप ऊसतोडीला गेले की मी शेजारणीकडे राहून शाळा केली. तांड्यावरची पहिली पदवीधर मी, तीही कॉम्प्युटरची. त्याच शाळेत कंत्राटी शिक्षिका झाले, तर तिथले दहा कॉम्प्युटर भंगारात निघालेले. ते गेले की पोरींचा तास बंद, माझी नोकरीही. ते कामाचे करून दाखवायला हेडसरांनी आठवडा दिला. मी चाचांना बोलावलं.

एकात मी आधीच जास्त वेगाची रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, जुनीच्या शेजारी बसवली होती. चाचा हसले.

"मॅडम, जोडीतला जलद बैल धिम्याच्याच चालीनं चालतो. अन् नुसता वेग काहून बघून राहिल्या? मागितल्यावर द्यायला किती थांबती, ते बी बघा."

हे थांबणं सेटिंगमध्ये आकड्यांत असतं. पदवीच्या तोऱ्यात मी तो आकडा एकदम खाली आणला. कॉम्प्युटर चालूच होईना. चाचांनी आतला बटणाएवढा सेल काढून पुन्हा बसवला, तेव्हा सेटिंग मूळपदावर आली.

"एकेक पायरी, बेटी."

आठवडाभर त्यांनी सारख्या रॅमच्या जोड्या लावल्या, टोकं खोडरबरानं घासली, आकडा एकेकानं उतरवला. दर वेळी शाळेच्या जुन्या नोंदींची झिप फाईल करायला लावायची आणि पेरांवर मोजायचं.

शनिवारी हेडसर आले. मी चाचांच्या कानाशी पुटपुटले, "अर्धा वेळ वाचतो म्हणा."

"किती फरक पडला?" सरांनी विचारलं.

"बावन्नचे सत्तेचाळीस."

"मिनिटं?"

"सेकंद, साहेब. मशीन जुनीच हाय. खोटं काहून बोलू?"

तास बंद झाला. मी घरी बसले आणि चाचांशी बोलणं टाकलं. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. राग तर येतो, पण चूक दाखवता येत नाही.

भंगाराची गाडी यायला वर्ष लागलं. तोवर चाचा वारले होते. त्यांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकतात. कॉम्प्युटर माझ्या ताब्यात होते, म्हणून भंगाराच्या यादीवर सही करायला मला शाळेत बोलावलं. कॉम्प्युटर गाडीत चढवायच्या आधी मी एक चालू केला, तीच फाईल लावली, अंगठा पेरावर ठेवला.

फाईल झाली तेव्हा सत्तेचाळीस भरले.