आठव्या आठवड्यातलं प्लास्टर

सोजरबाई हात पुढे करायला तयार नव्हत्या. मी प्लास्टर कापायची कात्री घेऊन त्यांच्यासमोर पत्र्याच्या शेडमध्ये घामाघूम होऊन बसलो होतो. भूकंपाला आठ आठवडे होत आले होते. त्यांच्या उजव्या हाताचं प्लास्टर पाचव्या, फार तर सहाव्या आठवड्यात निघायला हवं होतं. मी तिसऱ्यांदा समजावून सांगितलं की मावशी, हाड जुळलं, आता हे काढायचं असतं. त्यांनी हात पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "ह्याच्यावर लिवलंय. हे कापल्यावर मी काय दावू?"

माझं डोकं फिरलं. कारण त्या प्लास्टरवरचं लिखाण माझंच होतं आणि ते मलाही कुणाला तरी दाखवायचं होतं.

हे नीट सांगायचं तर जरा मागे जावं लागेल. मी मूळचा उमरीचा. एमबीबीएस झाल्यावर हाडांचा डॉक्टर व्हायचं ठरवलं. एमएसची सीट मिळाली नाही. दुसरा रस्ता होता बोर्डाचा. म्हणजे मेडिकल कॉलेजात न जाता एखाद्या मान्यताप्राप्त हॉस्पिटलात तीन वर्षं काम करायचं आणि मग देशपातळीवरच्या बोर्डाची परीक्षा द्यायची. मी लातूरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात लागलो. घरी वडील प्रत्येकाला सांगत, मुलगा बोर्डाची तयारी करतोय. ऐकणाऱ्याला दहावी-बारावीचंच बोर्ड माहीत. एवढा डॉक्टर झाला आणि अजून बोर्डातच कसा, असं विचारणारे दोन नातेवाईक तर मला अजूनही आठवतात.

ही बोर्डाची भानगड मुळात आली कुठून, तेही सांगतो. पूर्वी स्पेशालिस्ट व्हायला काही लागत नसे. एखाद्या मोठ्या डॉक्टरच्या हाताखाली दोन वर्षं उभं राहायचं, नंतर गावात येऊन पाटी रंगवून घ्यायची. पेशंटला कळायला मार्ग नाही. अमेरिकेत याचा सगळ्यात आधी कंटाळा आला तो डोळ्यांच्या डॉक्टरांना. त्यांनी बोर्ड काढलं. तत्त्व सोपं होतं, तुला येतं की नाही हे तू ठरवायचं नाही, तुझ्या गुरूनेही नाही, बाहेरचा परीक्षक ठरवेल. हळूहळू हाडांचे, मुलांचे, भुलीचे अशी एकेकाची बोर्डं झाली. बऱ्याच वर्षांनी आपल्याकडेही बोर्ड आलं. त्याचा कणा म्हणजे लॉगबुक. तुम्ही स्वतःच्या हाताने केलेली प्रत्येक केस त्यात लिहायची. पेशंटचा नंबर, काय मोडलं होतं, काय केलं, निकाल काय लागला. खाली गाइडची सही.

कागदावर हे सगळं उत्तम आहे. आमचं घोडं अडलं ते पेशंटच्या नंबरावर.

भूकंप झाला त्या सकाळी आम्ही जीप भरून औशाच्या पुढे गेलो आणि त्यानंतर कित्येक दिवस तंबूतच होतो. तिथे ना रजिस्टर, ना केसपेपर. माझे गाइड बिराजदार सर, शांत माणूस, पण कामात एक सेकंद वाया घालवू देत नसत. पहिल्याच तासात त्यांनी मला मार्कर दिला आणि सांगितलं, "कागद शोधत बसू नको. प्लास्टरवर लिही. कागद हरवेल, प्लास्टर पेशंटबरोबर राहील."

आमच्या धंद्यात ही जुनीच पद्धत आहे. प्लास्टर ओलं असतानाच त्यावर तारीख टाकायची, हाडाचं छोटं चित्र काढून मोडलंय तिथे रेघ मारायची, प्लास्टर कधी काढायचं ते लिहायचं आणि खाली आपली आद्याक्षरं. म्हणजे पेशंट उद्या कुठल्याही डॉक्टरकडे गेला तरी त्याला वाचता येतं. मी मन लावून लिहीत होतो. अक्षर चांगलं असल्याचा थोडा अभिमानही होता.

परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा आमच्या हॉस्पिटलच्या ऑफिसातले जोशी क्लार्क लॉगबुक चाळत बसले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. भूकंपाच्या केसेसना आयपीडी नंबर, म्हणजे हॉस्पिटलात दाखल केल्याचा नंबर नाही, म्हणजे त्या धरता येणार नाहीत, आणि त्या सोडल्या तर तुमच्या आठ केसेस कमी पडतात. मी म्हणालो, अहो, त्या दिवसांत जेवढी हाडं जुळवली तेवढी वर्षभरात जुळवली नसतील. ते म्हणाले, असतील, पण नंबर कुठंय? नंबर नसेल तर गाइडने पुरावा पाहून प्रत्येक केस साक्षांकित केली पाहिजे. नाहीतर सहा महिन्यांनी बसा.

मी सरांकडे गेलो. वाटलं, सर सोबतच होते, डोळे मिटून सही करतील. सर म्हणाले, "मी समोरच्या तंबूत होतो. तू काय केलंस ते मी पाहिलेलं नाही. प्लास्टर आण, सही करतो."

त्या क्षणी मला सरांचा भयंकर राग आला. ज्या माणसाने कागद शोधू नको म्हणून सांगितलं, तोच आता पुरावा मागत होता.

मग सुरू झाली माझी वणवण. दर सुटीला कात्री आणि एक गोणपाट घेऊन शेडशेडने फिरायचो. कुणाचं प्लास्टर दुसऱ्या कॅम्पमध्ये कापून उकिरड्यावर गेलेलं. कुणी ते पाण्यात भिजवून स्वतःच काढलेलं. कुणी पुण्याला पोराकडे गेलेलं. ज्यांचं सापडलं त्यांचं कापून तुकडे गोणपाटात टाकायचो. एसटीचा कंडक्टर विचारायचा, डॉक्टर, ह्यात काय नेताव? काय सांगणार? संध्याकाळी लातूरच्या खोलीवर यावं तर शेजारच्या घरमालकाने गच्चीवर पत्रे टाकून क्लास सुरू केलेला. मराठवाड्यात माणसांना अजून घरं मिळाली नव्हती, पण अकरावी-बारावीच्या बॅचेस भरल्या होत्या. केमिस्ट्रीचे सर माइकवरून ओरडत असायचे आणि मी खाली प्लास्टरचे तुकडे जुळवत बसायचो. गेटवर पाटी होती, 'केमिस्ट्री स्पेशालिस्ट'. त्यांना लॉगबुक कुणी विचारलं होतं, देव जाणे.

सात सापडली. आठवं सोजरबाईंच्या हातावर होतं.

मावशी पन्नाशीच्या. दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडलं होतं. मी ते पहिल्याच दिवशी जुळवलं होतं आणि मला ते चांगलं आठवत होतं, कारण एवढं दुखत असताना त्या मलाच पाणी प्या म्हणत होत्या. त्यांच्या घरातली दोन माणसं गेली होती. आता शेडमध्ये सून, तिची तान्ही मुलगी आणि त्या. सरकारी मदतीसाठी शेडशेडमधून जखमींची यादी करणारा एक माणूस येऊन गेला होता आणि म्हणाला होता की कागद दाखवल्याशिवाय नाव लागणार नाही. मावशींकडे कागद नव्हता. हातावर डॉक्टरने लिहिलेलं प्लास्टर होतं. तेच त्यांचं सर्टिफिकेट. कापून कसं देतील?

मी म्हणालो, मी दाखला देतो, लेटरहेडवर, शिक्क्यासह. तेवढ्यात तो यादीवाला स्वतःच तिथे उगवला. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत म्हणाला, "साध्या डॉक्टरचा चालत न्हाई. हाडाच्या डॉक्टरचा लागतो. तुमी हाडाचे हाव का?"

मी हाडांचा होतो का? सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय नव्हतो. सर्टिफिकेट परीक्षेशिवाय नाही, परीक्षा लॉगबुकाशिवाय नाही, लॉगबुक या प्लास्टरशिवाय पुरं होत नव्हतं, आणि प्लास्टर हाडांच्या डॉक्टरच्या दाखल्याशिवाय निघत नव्हतं. मला त्या पत्र्यावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

एक सोपा मार्ग होता. तिथल्या तिथे प्लास्टर उभं कापायचं, लिहिलेली अर्धी बाजू मावशींच्या हातात द्यायची आणि सांगायचं, हा तुमचा पुरावा, सांभाळा. मग दुसऱ्या दिवसापासून कोपर हलवायला लावायचं. पण मग माझ्याकडे काय राहिलं असतं? मी म्हणालो, बरं मावशी, राहू द्या. आमचे मोठे सर येतील, ते हाडांचेच आहेत, ते दाखला देतील आणि तेव्हाच काढू.

मावशी खूश झाल्या. सरांना वेळ मिळायला बारा दिवस लागले.

कोपर हा फार लहरी सांधा आहे. गरजेपेक्षा जास्त बांधून ठेवला की रुसतो आणि मग कितीही मनधरणी केली तरी पूर्ण वळत नाही. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं.

सरांनी प्लास्टर उभं कापलं, दोन्ही अर्धे अलगद काढले. माझं लिखाण वाचलं, चित्र पाहिलं, मान हलवली. लिहिलेल्या अर्ध्या भागावरच त्यांनी शिक्का मारून सही केली आणि तो मावशींना दिला. शिवाय लेटरहेडवर दाखला दिला. मग त्यांनी मावशींचं कोपर हातात घेऊन वाकवून पाहिलं. थोडंसं वाकलं आणि थांबलं. मावशींनी ओठ दाबून धरले.

सरांनी मला विचारलं, "तू हे आधी कधी पाहिलंस?"

"बारा दिवसांपूर्वी."

"मग तेव्हाच का नाही काढलं?"

मी यादीवाल्याचं सांगितलं, दाखल्याचं सांगितलं, मावशी ऐकत नव्हत्या तेही सांगितलं. सगळं खरं होतं. सरांनी ऐकून घेतलं. हॉस्पिटलात आल्यावर त्यांनी लॉगबुक मागवलं, आठही केसेसवर सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली. "निकालाचा कॉलम रिकामा आहे. तो तू भर. खरं लिही."

मी लिहिलं. हाड जुळलं. कोपर आखडलं. कारण, प्लास्टर उशिरा काढलं.

परीक्षा परराज्यात होती. परीक्षक एक वृद्ध सर्जन होते. त्यांनी वही उघडली आणि नेमके त्याच पानावर थांबले. प्लास्टर उशिरा का काढलं, एवढंच त्यांनी विचारलं. मी यादीवाल्यापासून सुरुवात करणार होतो. पण महिनाभर तेच सांगून मलाच त्याचा वीट आला होता. मी म्हणालो, मला ही नोंद हवी होती म्हणून. मग पान उलटून त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. मी पास झालो.

नंतर नांदेडला स्वतःचं हॉस्पिटल टाकलं. सर्टिफिकेट फ्रेम करून खुर्चीच्या मागे लावलं. बरीच वर्षं गेली. एकदा रिसेप्शनवर गडबड ऐकू आली. तिथे बसणारी मुलगी एका म्हाताऱ्या बाईंना जुनी फाइल मागत होती आणि बाईंनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला प्लास्टरचा तुकडा काढून काउंटरवर ठेवला होता. मार्करची शाई तपकिरी झाली होती, पण तारीख वाचता येत होती. माझी आद्याक्षरंही.

सोजरबाई नातीला नांदेडच्या क्लासमध्ये सोडायला आल्या होत्या. गुडघे दुखत होते, तेवढ्यात दाखवून जावं म्हणून आल्या. मी गुडघे तपासले, गोळ्या लिहून दिल्या. मग विचारलं, हाताचं कसं आहे?

"भाकरी होतीया की," त्या म्हणाल्या. "डोक्याच्या मागं तेवढा जात न्हाई. येणी सून घालतीया." आणि लगेच म्हणाल्या, "तुमी लई केलं बगा त्या टायमाला."

मागच्या भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे त्यांनी पाहिलंही नाही.

हल्ली माझ्याकडे बोर्डाची तयारी करणारी मुलं कामाला असतात. लॉगबुकावर सही करण्याआधी मी पेशंटला बोलावून घेतो आणि सांधा स्वतः वाकवून बघतो. मुलं वैतागतात. सर फार छळतात, असं बाहेर सांगतात. छळतो.